घाट चढून आल्यावर इंजिन लगेच का बंद करू नये?



पावसाळ्यातील एका दुपारी मी आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत बसलो होतो. बाहेर अलिबागचा नेहमीचा धो धो पाऊस चालू होता. एवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. तो रेवदंड्याचा. पदवीनंतर त्याने कर्ज काढून एक डिझेल जीप घेतली आणि आता तो प्रवासी वाहतूक करतो. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तेलाने माखलेली एक जड वस्तू होती.

"सर, हा टर्बो. आठ आठवड्यांत दुसरा गेला. प्रत्येक वेळी पंचवीस हजारांच्या घरात खर्च. आता बँकेचा हप्ता कसा भरू?"

त्याच्या गॅरेजमधील मिस्त्रीचे म्हणणे होते की दुसरा टर्बो नकली निघाला. खरे सांगायचे तर प्रथम मलाही तसेच वाटले. परंतु वस्तू समोर असताना नुसता तर्क करण्यात काय अर्थ? मी त्याला विचारले, "पहिला टर्बो टाकून तर नाही ना दिलास?" तो गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेला होता. दुसऱ्या दिवशी तोही प्रयोगशाळेच्या टेबलावर आला. त्या दोन निकामी टर्बोंनी आम्हाला जे शिकवले, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

टर्बोचार्जर कशासाठी?

इंजिनात इंधन जळते हे तुम्हाला ठाऊक आहे. पण इंधन जाळायला हवा लागते, आणि तीही किती? एक किलोग्रॅम डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे साडेचौदा किलोग्रॅम हवा लागते. म्हणजे इंजिनाला खरी भूक असते ती हवेची.

आता एक लहानसे गणित करू. समजा, एका चार धावांच्या इंजिनाची धारणा अडीच लिटर आहे आणि ते मिनिटाला २,००० फेरे करीत आहे. अशा इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच हवा आत घेतली जाते. म्हणून मिनिटाला जास्तीत जास्त २.५ × १,००० = २,५०० लिटर हवा आत जाईल. तिचे वस्तुमान सुमारे तीन किलोग्रॅम भरते. एवढ्या हवेत फार तर दोनशे ग्रॅम डिझेल जळू शकेल. याहून अधिक डिझेल आत सोडले तर ते अर्धवट जळेल आणि काळा धूर होऊन बाहेर पडेल.

मग त्याच इंजिनातून अधिक शक्ती मिळवायची कशी? सिलिंडर मोठा न करता त्यात जास्त हवा कोंबायची! सायकलच्या चाकात आपण पंपाने हवा कोंबतो तशीच. परंतु हा पंप चालवणार कोण? इंजिनाच्या दांड्यावरून चालवला तर इंजिनाचीच काही शक्ती खर्च होते.

या प्रश्नाचे सुंदर उत्तर आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने शोधले आणि १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंत, म्हणजे सायलेन्सरवाटे जाणाऱ्या तप्त वायूंत, पुष्कळ ऊर्जा शिल्लक असते. एरवी ती वायाच जाते. ब्यूखीने या वायूंच्या झोतावर एक पात्यांचे चाक फिरवायचे ठरवले. त्याला म्हणतात टर्बाइन. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे पात्यांचे चाक असते. त्याला म्हणतात संपीडक किंवा कॉम्प्रेसर. तो बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात ढकलतो. टर्बाइन, संपीडक आणि त्यांना जोडणारा दांडा मिळून झाला टर्बोचार्जर.

१९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे एक इंजिन ट्रकवर चढवून पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच पर्वतावर नेले. तेथील विरळ हवेत इंजिन लुळे पडते. टर्बोचार्जर जोडताच ते पुन्हा जोमाने चालू लागले. आपल्याकडेही हे यंत्र नवे नाही. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेल्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या रेल्वे इंजिनांत सोळा सिलिंडरांचे, टर्बोचार्जर बसवलेले, २,६०० अश्वशक्तीचे डिझेल यंत्र होते. आज रस्त्यावरील बहुतेक सर्व डिझेल गाड्यांत आणि पुष्कळशा पेट्रोल मोटारींतही टर्बोचार्जर असतो.

एक गोष्ट येथे लक्षात ठेवा. हवा दाबली की ती तापते. २७ अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबापर्यंत झटकन दाबली तर, उष्णता कोठेही गळली नाही असे मानल्यास, तिचे तापमान सुमारे ९३ अंशांवर जाते. प्रत्यक्षात त्याहूनही अधिक. तापलेली हवा प्रसरण पावते, म्हणून दाब दुप्पट होऊनही घनता दुप्पट होत नाही. यासाठी ही हवा इंजिनात जाण्यापूर्वी बहुधा एका जाळीतून नेऊन थंड करतात. गाडीच्या पुढील बाजूस दिसणारा इंटरकूलर तो हाच.

मिनिटाला एक लाख फेरे

आपल्या घरातील छताचा पंखा मिनिटाला तीनशे-साडेतीनशे फेरे करतो. टर्बोचार्जरचा दांडा घाटात जोर लावताना मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे करतो.

चाकाचा व्यास ५ सेंटीमीटर आणि वेग मिनिटाला १,२०,००० फेरे धरा. म्हणजे सेकंदाला २,००० फेरे झाले. चाकाचा परीघ सुमारे १५.७ सेंटीमीटर. तेव्हा चाकाच्या कडेचा वेग ०.१५७ × २,००० म्हणजे सेकंदाला सुमारे ३१४ मीटर. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर असतो, हे आठवले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळेल.

आता अभिकेंद्री त्वरण काढा. ते कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या इतके असते. उत्तर येते सेकंदवर्गाला सुमारे चाळीस लाख मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या चार लाख पट! पात्याच्या टोकावरील एक ग्रॅम धातूला वर्तुळात धरून ठेवण्यासाठी चारशे किलोग्रॅम वजनाएवढे बल लागते. अशा चाकाच्या तोलात किंचित फरक पडला, किंवा त्याच्यावर वाळूचा एखादा कण आदळला, तर काय होईल याची कल्पना करा.

दांडा कशावर टेकतो?

एवढ्या वेगाने फिरणारा दांडा धातूवर धातू घासत फिरू लागला तर काही क्षणांतच नष्ट होईल. म्हणून बहुसंख्य टर्बोचार्जरमध्ये तो तेलावर तरंगत ठेवलेला असतो. दांड्याभोवती एक सैल बूश असते. दांडा आणि बूश यांच्यामध्ये, तसेच बूश आणि बाहेरील घर यांच्यामध्ये, मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी फट असते. आपल्या डोक्याच्या केसाची जाडीही साधारण याच्या आसपास किंवा याहून अधिक भरेल. या फटीत इंजिनातील ऑइल दाबाने येत राहते.

परंतु नुसत्या तेलाने दांडा उचलला कसा जातो? याचा उलगडा इंग्लंडमध्ये झाला. रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना बीचम टॉवर यांनी १८८३ च्या सुमारास बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी एक भोक पाडले. आत तेल जाण्याऐवजी त्या भोकातून तेल वर येऊ लागले! त्यांनी लाकडाची खुंटी मारून भोक बंद केले, तर तेलाने खुंटीच वर ढकलून दिली. फिरणारा दांडा आपल्याबरोबर तेलाला चिंचोळ्या फटीत ओढून नेतो आणि तेथे तेलाचा दाब इतका वाढतो की दांडा धातूपासून सुटून तरंगू लागतो. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी या घटनेचे गणित मांडले. पावसात वेगाने जाणारी मोटार पाण्याच्या थरावर उचलली जाऊन घसरते, तो याच प्रकारचा परिणाम आहे.

हा तेलाचा पडदा टिकण्यासाठी तीन गोष्टी हव्यात. तेलाचा अखंड पुरवठा हवा, तेलाची श्यानता योग्य हवी, म्हणजे ते पाण्यासारखे पातळ झालेले किंवा चिखलासारखे घट्ट नको, आणि तेलात फटीपेक्षा मोठे कण नकोत. टर्बोचार्जर निकामी होण्याची बहुतेक कारणे या तीनपैकी एखादी गोष्ट बिघडण्यात सापडतात.

तेलाचे दुसरे काम

तेल आणखी एक काम करते, आणि गाडी चालवणारे नेमके तेच विसरतात. तेल उष्णता वाहून नेते.

डिझेल इंजिन जोर लावत असताना टर्बाइनवर येणारे वायू ६०० ते ७०० अंश सेल्सिअस इतके तापलेले असतात. पेट्रोल इंजिनात तर ते ९०० अंशांच्याही पुढे जातात. टर्बाइनचे लोखंडी घर अंधारात लालसर दिसू लागते. तेथून अवघ्या काही सेंटीमीटरांवर बेअरिंग आहे. तेथील तेल मात्र शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास राहायला हवे. उष्णता दांड्यातून वहनाने सतत बेअरिंगकडे येत असते. वाहते तेल ती सतत घेऊन जाते. आवक आणि जावक यांचा मेळ बसलेला असतो.

अशा वेळी आपण किल्ली फिरवून इंजिन बंद केले तर? तेलाचा पंप इंजिनच चालवते. इंजिन थांबले, पंप थांबला, तेल थांबले. उष्णतेची जावक बंद झाली. आवक मात्र चालूच! तप्त टर्बाइन आणि त्याचे जाड घर यांत साठलेली उष्णता दांड्यातून बेअरिंगकडे येतच राहते. त्यामुळे इंजिन बंद केल्यावर बेअरिंगचे तापमान कमी न होता पुढील काही मिनिटे वाढत जाते.

हे तुम्ही स्वयंपाकघरात पाहिलेले आहे. जाड लोखंडी कढईत फोडणी केली आणि गॅस बंद केला, तरी कढईतील लसूण करपतोच. ज्योत विझली तरी कढईत साठलेली उष्णता काम करीत असते. त्याच कढईच्या बाहेरील अंगाला काळे, चिवट कीट बसते, जे घासूनही निघत नाही. तेच कीट बेअरिंगमध्ये बसते. अडकून पडलेले तेल अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे गेले की त्याचे विघटन होऊन कोळशासारखा कठीण थर उरतो. पुढच्या वेळी इंजिन सुरू केले की त्यातील कण दांड्याला घासतात, आणि तेलाची बारीक वाट हळूहळू बुजत जाते.

दोन टर्बोंची तपासणी

आता पुन्हा आमच्या टेबलाकडे येऊ. पहिला टर्बो उघडला तेव्हा टर्बाइनच्या बाजूच्या बेअरिंगभोवती काळा, ठिसूळ थर जमलेला दिसला. चाकूच्या टोकाने खरवडला तर त्याच्या खपल्या निघाल्या. हा टर्बो भाजला होता.

दुसरा टर्बो आठच आठवडे चाललेला. त्यात काळा थर अगदी थोडा होता. पण दांड्याचा रंग? बेअरिंगच्या जागी तो चक्क निळा झाला होता. साधे पोलाद हवेत तापवले की त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो. सुमारे सव्वादोनशे अंशांना तो गवती पिवळा दिसतो, तर तीनशेच्या आसपास निळा. म्हणजे हा दांडा घर्षणाने तापला होता. बूशाचा धातू त्याच्यावर फासला गेला होता. हा टर्बो तेलावाचून उपाशी मेला होता.

मी त्याला विचारले, "टर्बो नवा बसवला, पण त्याला तेल पुरवणारी नळी?"

"नळी जुनीच, सर. ती चांगली दिसत होती."

दुसऱ्या दिवशी ती नळी आणली. बाहेरून खरोखरच चांगली होती. तिच्यातून बारीक तार घालून पाहिली, तर टर्बोकडील टोकाशी ती अडली. आत तेच काळे कीट! पहिल्या टर्बोला भाजणाऱ्या उष्णतेने नळीचे टोकही भाजले होते. त्या अर्धवट बुजलेल्या नळीवर नवा कोरा टर्बो बसवला गेला. तो टिकणार कसा? माल नकली असल्याचा आम्हाला कोणताच पुरावा मिळाला नाही.

आता राहिला मूळ प्रश्न. पहिला टर्बो भाजला का? मी त्याच्या नेहमीच्या फेऱ्या विचारल्या. अलिबाग, वडखळ, पेण, खोपोली, आणि मग जुन्या रस्त्याने बोरघाट चढून लोणावळा, पुणे. पेणपर्यंत रस्ता जवळजवळ समुद्रसपाटीलगतचा. खोपोली सोडली की थोड्याच अंतरात सुमारे पाचशे मीटरांची चढण. गाडी माणसांनी भरलेली, टपावर सामान, दुसरा गिअर, पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला. गाडीचा वेग कमी, म्हणून बाहेरच्या वाऱ्याने होणारे थंडावणेही कमी. टर्बोला सर्वांत जास्त तापवणारी परिस्थिती याहून दुसरी कोणती असणार?

"घाटात कोठे थांबतोस?"

"शिंग्रोबाला, सर. नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नाही. दोन मिनिटेच थांबतो."

"आणि इंजिन?"

"बंद करतो. उगाच डिझेल कशाला जाळायचे?"

घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे म्हणून सांगितले जाणारे ते देऊळ बोरघाटातून जाणाऱ्या गाडीवानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रद्धास्थान आहे. नमस्कारात काहीच चूक नव्हती. चूक होती ती ऐन चढणीत, टर्बो पूर्ण तापलेला असताना, किल्ली फिरवण्यात. दिवसाआड एक फेरी धरली तरी वर्षात दीडशेहून अधिक वेळा त्या बेअरिंगमधले तेल भाजले जात होते.

आणि बचत किती? अशा गाडीचे इंजिन नुसते चालू ठेवले तर तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल लागते असे धरू. दोन मिनिटांत ते साधारण सतरा ते तेहतीस मिलिलिटर होईल. आजच्या भावाने दोन-तीन रुपये! वर्षभराची ही बचत सहाशे रुपयेही होत नाही. तिच्यापायी दोन टर्बो गेले.

एका गाडीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. तेलाचा दर्जा, गाळणीची अवस्था, गाडीवरील ओझे यांचाही वाटा असू शकतो. परंतु काळा थर, निळा दांडा आणि बुजलेली नळी हे तिन्ही पुरावे एकाच गोष्टीकडे बोट दाखवीत होते.

टर्बो टिकवण्याचे नियम आणि त्यांची कारणे

नियम पाठ करण्यापेक्षा त्यांचे कारण समजून घेतले तर ते विसरत नाहीत.

१. घाट किंवा वेगवान प्रवास संपल्यावर इंजिन एक ते दोन मिनिटे मंद गतीने चालू ठेवावे आणि मगच बंद करावे. मंद गतीत निष्कास वायू पुष्कळ थंड असतात आणि तेल वाहत राहते, त्यामुळे साठलेली उष्णता तेलाबरोबर निघून जाते. शेवटचे दोन-तीन किलोमीटर गावातून सावकाश आला असाल, तर हे काम वाटेतच झालेले असते. मग दारात उभे राहून डिझेल जाळण्याचे कारण नाही.

२. बंद करण्यापूर्वी ॲक्सिलरेटर दाबून इंजिन गरगरवू नये. तसे केले की टर्बोचा दांडा वेग घेतो. इंजिन थांबल्यावरही जडत्वामुळे तो काही सेकंद फिरतच राहतो, पण तेल मात्र थांबलेले असते.

३. इंजिन सुरू केल्यावर पहिला अर्धा मिनिट जोर देऊ नये. रात्रभरात बेअरिंगमधील बहुतेक तेल खाली उतरलेले असते; ते पुन्हा वर पोहोचायला वेळ लागतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना आपल्या किनाऱ्यावर कित्येक आठवडे ओढून ठेवलेल्या होड्यांच्या इंजिनांना तर हे अधिकच लागू आहे. त्यांतील ज्या इंजिनांना टर्बो आहे, त्यांच्या बाबतीत पहिल्या दिवशी घाई करणे महागात पडते.

४. ऑइल आणि ऑइलची गाळणी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या वेळीच बदलावी, आणि सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल वापरावे. डिझेल इंजिनाच्या तेलात काजळी मिसळत जाते व त्याची श्यानता बदलते. गाळणी फारच तुंबली तर तिच्यातील बगलवाट उघडते आणि न गाळलेले तेल पुढे जाते. इंजिनाची मोठी बेअरिंगे ते काही काळ सहन करतील. टर्बोची नाजूक फट सहन करणार नाही.

५. हवेची गाळणी स्वच्छ ठेवावी आणि तिच्यापुढील रबरी नळ्यांना चिरा नाहीत ना, हे पाहावे. महामार्गाच्या कामाची धूळ किंवा किनाऱ्यावरची वाळू चिरेतून आत शिरली, तर ती सेकंदाला तीनशे मीटर वेगाने फिरणाऱ्या पात्यांवर आदळते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे सूत्र येथे आठवा. उलट, गाळणी तुंबली तर संपीडकाच्या तोंडाशी दाब फार कमी होतो आणि बेअरिंगमधील तेल हवेच्या बाजूला ओढले जाते.

६. टर्बो बदलताना तो का गेला, हे आधी शोधावे. तेल आणणारी नळी नवी घालावी, तेल परत नेणारी नळी मोकळी असल्याची खात्री करावी, ऑइल व गाळणी बदलावी. बसवताना टर्बोच्या तेलाच्या तोंडात स्वच्छ तेल ओतावे, म्हणजे पहिले फेरे कोरडे पडणार नाहीत.

बिघाडाची पूर्वसूचनाही मिळते. चढावर गाडीचा जोर कमी होणे व काळा धूर येणे म्हणजे हवा कमी पडते आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. शिट्टीचा आवाज नेहमीपेक्षा कर्कश झाला, तर हवा गळत असेल किंवा चाक कडेला घासत असेल. अशा वेळी "पुढच्या महिन्यात बघू" असे म्हणू नये. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. टर्बोतून गळलेले ऑइल सिलिंडरमध्ये पुरेसे गेले, तर इंजिन त्या ऑइलवरच चालू लागते आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. हा प्रसंग क्वचित येतो, पण तो धोकादायक असतो.

नव्या गाड्यांत काय?

पुष्कळ नव्या टर्बोचार्जरमध्ये बेअरिंगच्या घराभोवती पाणी खेळवलेले असते. इंजिन बंद झाल्यावर तेथील पाणी तापून हलके होते व वर जाते आणि त्याची जागा थंड पाणी घेते. पंपाशिवाय चालणारे हे अभिसरण तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकलाच आहात. काही गाड्यांत इंजिन थांबल्यावरही विजेचा एक छोटा पंप काही वेळ पाणी फिरवत राहतो. कृत्रिम ऑइलेही अधिक तापमान सोसतात. यामुळे धोका बराच कमी झाला आहे, परंतु उष्णतेच्या वहनाचा नियम काही बदललेला नाही. म्हणून घाटानंतरची ती दोन मिनिटे आजही वाया जात नाहीत.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

सुमारे ३० सेंटीमीटर लांबीची लोखंडी सळई स्टँडवर आडवी बसवा. तिच्यावर दर तीन सेंटीमीटरांवर मेणाने एकेक टाचणी चिकटवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली एका टोकाला बर्नरची ज्योत द्या. तीन टाचण्या गळून पडल्या की बर्नर काढून घ्या. आता आणखी टाचण्या गळतात का, हे पाहा आणि वेळ लिहून ठेवा. नंतर सळई पूर्ण थंड होऊ द्या आणि प्रयोग पुन्हा करा. या वेळी बर्नर काढताच तिसऱ्या व चौथ्या टाचणीच्या मध्ये ओले फडके गुंडाळून त्याच्यावर थेंब थेंब पाणी सोडत राहा. दोन्ही वेळच्या नोंदींची तुलना करा. पहिल्या वेळी तुम्ही इंजिन झटकन बंद केलेत. दुसऱ्या वेळी ते दोन मिनिटे चालू ठेवलेत.

माझ्या त्या विद्यार्थ्याने तिसरा टर्बो बसवला, नळीसकट. परवा तो अलिबागच्या एस. टी. स्थानकाजवळ भेटला. मी टर्बोची चौकशी केली.

"चालू आहे, सर. वर्ष झाले." मग थोडा हसून म्हणाला, "आता शिंग्रोबाला नमस्कार करून येईपर्यंत शेजारी भाऊ बसतो आणि इंजिन तसेच चालू ठेवतो."